उद्याचा बॅलन्सचा वर्ग, कंबरदुखीवाल्यांनी नक्की वाचा

सगळ्यांना नमस्कार, उद्या सकाळी साडेसहाला नेहमीप्रमाणे हॉलमध्ये भेटूया आणि ज्यांची कंबर कित्येक महिने दुखतेय त्यांनी दुखतंय म्हणून घरी बसू नका, तुमच्यासाठीच तर हा वर्ग आहे. दुखतं म्हणून आपण हलणं कमी करतो, मग पायाचे नि पाठीचे स्नायू ढिले पडतात आणि तोल जायला लागतो. जागतिक आरोग्य संघटना पण ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून निदान ३ दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करा असंच सांगते.

प्लास्टिकची खुर्ची धरू नका प्लीज. मागच्या आठवड्यात एका काकूंनी पाय उचलला आणि खुर्ची फरशीवरून सर्रकन सरकली, बाजूला भिंत होती म्हणून वाचल्या, माझ्या छातीत धस्स झालं. घरी करताना स्वयंपाकाच्या ओट्याला धरा, तो हलत नाही. एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या, नंतर एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून उभं राहायचं, नजर समोर, श्वास रोखायचा नाही. मोजे घालून तर अजिबात नको.

थोडं ओढल्यासारखं झालं तर चालतं, पण पायात नव्याने बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर व्यायाम सोडून लगेच डॉक्टरांना गाठा. बीपीची किंवा झोपेची गोळी चालू असेल, बसल्यावरून उठताना चक्कर येत असेल तर मला आधी सांगा, तुम्हाला भिंतीकडची जागा ठेवते. चष्मा विसरू नका.