आरसा हातात दिलात, त्याबद्दल

दादा,

समोरासमोर आभार मानायला तुमच्या गॅरेजमध्ये गेले तेव्हा तुम्ही "अहो, पॅकिंग तर बदललंय" म्हणून पुढच्या गाडीकडे वळलात. त्यात तुमचं काही चुकलं नाही. मलाच त्या दिवशी नीट बोलता येत नव्हतं. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर गळा दाटून आला असता, आणि टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगवरून रडणारी बाई अशी तुमच्या पोरांमध्ये माझी ओळख झाली असती. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर.

सात महिने माझ्या गाडीचं इंजिनचं तेल गळत होतं, म्हणून तिच्याखाली पुठ्ठा अंथरलेला असायचा. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे तो बाहेर ओढून रात्रीतून डाग केवढा झाला ते बघायचं. फरशीवरच्या काळ्या ठिपक्यांबद्दल शेजाऱ्यांनी आधी हसत सांगितलं, नंतर न हसता. सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास आत शिरायचा, शेजारी बसलेलं माणूस नाक मुरडायचं आणि मी काही न झाल्यासारखी काच खाली करायचे. दर महिन्याला वरून अर्धा-पाऊण लिटर तेल ओतत होते. गाडी १८ वर्षांची आहे. "काढून टाक आता" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

तुमच्याकडे येण्याआधी तीन गॅरेजांची दारं झाली होती. नावं कशाला घेऊ? पण मनातलं निघतंय तर निघू दे.

पहिल्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "जुनी गाडी आहे, थोडं गळणारच," म्हणाला. दुसऱ्याला थेंब खाली चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याला, लोंबकळताना दिसला, म्हणून त्याने ड्रेन नटाचा वॉशर बदलला. थेंब तसाच. मग अख्ख्या चेंबरचं पॅकिंग बदललं. तरी थेंब तसाच. शेवटी त्याने एक बाटली हातावर ठेवली. ही तेलात ओता, सील फुगतात आणि गळती बंद होते, म्हणाला. बाटली संपली, गळती राहिली. तिसरा म्हणाला, क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. काम मोठं होतं, म्हणून मी विचारलं, "तिथूनच गळतंय हे नक्की का?" त्यावर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "मॅडम, सांगून कळणार आहे का तुम्हाला?"

मी २२ वर्षं गणित शिकवते. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नाहीत तर मार्क कापते. आणि इथे मला नुसतं उत्तर दिलं जात होतं, तेही मान खाली घालून.

पण त्या तिसऱ्यावर अन्याय नको. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात तेल होतंच, मीही नंतर पाहिलं. फक्त ते तिथलं नव्हतं. हे मला तुमच्याकडे समजलं. तेल वरून खाली ओघळतं, वाटेत गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं, ज्या कडेला उतार मिळेल तिथून घरंगळतं आणि भलत्याच ठिकाणी थेंब होऊन लटकतं. "थेंब दिसतो ती जागा शेवटची असते. आपल्याला पहिली शोधायचीय," असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य मी आता वर्गात वापरते. कुठून घेतलं ते मुलांना सांगत नाही.

मी गाडी आणली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आत्ताच नाही सांगता येणार. आधी धुऊन बघू." सात महिन्यांत "सांगता येणार नाही" म्हणणारे तुम्ही पहिले. माझा जीव तिथेच अर्धा भांड्यात पडला. ज्याला न बघता सगळं कळतं, त्याची मला तोवर धास्तीच बसली होती.

बाकीचं काय काय केलंत ते सगळं लिहीत नाही, मला नीट लिहिताही येणार नाही. इंजिन धुतलंत, वाळवलंत आणि तान्ह्या बाळाला लावतात तशी पावडर सगळीकडे भुरभुरलीत. मला वाटलं, थट्टा चाललीय. मग गाडी फिरवून आणलीत, बॉनेट उघडलंत, आणि त्या पांढऱ्या पावडरीत वरून खाली उतरलेली एकच ओली काळी रेघ होती. मागच्या कोपऱ्यातून, टॅपेट कव्हरच्या कडेखालून. त्या कोपऱ्यात ना नजर पोहोचते ना हात.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

तुम्ही तुमचं बघून घेतलंत. मग मडगार्डवर जुन्या कापडाची घडी टाकलीत, माझ्या कोपराला टेकायला. खिशातून दात बघायच्या आरशासारखा लांब दांडीचा इवलासा आरसा काढलात, चिंधीने पुसलात, माझ्या हातात दिलात. टॉर्च दुसऱ्या हातात. आणि बाजूला झालात. "घ्या, तुम्हीच बघा. माझं ऐकून काही ठरवू नका."

मला पहिल्यांदा आरशात माझाच डोळा दिसला. मग फायरवॉल, म्हणजे इंजिनामागची पत्र्याची भिंत, दिसली. तुम्ही घाई केली नाहीत. बाहेर दोन जण तुमच्या नावाने हाका मारत होते, त्यांना हातानेच "थांबा" केलंत आणि मला म्हणालात, "थोडा डावीकडे फिरवा. अजून थोडा. हां." आणि दिसलं. कव्हरच्या कडेतून बाहेर आलेला रबराचा कडक, चिरलेला तुकडा, आणि त्याच्याखाली तेलाचा एक ताजा, चमकणारा मणी. मी बघत असतानाच तो मणी फुगला, सुटला आणि खाली एक्झॉस्टवर पडून चुर्रकन धूर झाला. सात महिने सिग्नलला येणारा वास तो हाच.

"हे आहे होय!" असं मी मोठ्याने म्हणाले. तुम्ही हसलात, पण माझ्यावर नव्हे.

एवढंच. मिनिटभराचं काम असेल. पण मला त्यात जे मिळालं ते दुरुस्तीहून मोठं होतं. मला कळू शकतं, असं तुम्ही गृहीत धरलंत.

नंतर तुम्ही गंभीर झालात तेही लक्षात आहे. थेंब फरशीवर पडला तर डाग पडतो, तापलेल्या एक्झॉस्टवर पडत राहिला तर एखाद्या दिवशी पेट घेऊ शकतो, असं सरळ सांगितलंत. घाबरवायला नाही सांगितलंत, कारण लगेच पुढे म्हणालात की काम लहान आहे, गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. मोठं काम गळ्यात मारायची संधी तुमच्या समोर आयती चालून आली होती. मी तर त्याला तयार होऊनच आले होते!

आणि ती कागदाची चिठोरी. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलंत आणि भोकावर कागदाचा कपटा ठेवलात, तर तो उडाला. "आत दाब कोंडलाय," म्हणालात. आतली वाफ बाहेर खेचणारा ब्रीदरचा व्हॉल्व्ह चिकटाने बुजला होता. तोच दाब तेलाला जिथे फट मिळेल तिथून बाहेर ढकलत होता. नुसतं पॅकिंग बदलून गाडी दिली असतीत तरी मला काय कळणार होतं? काही महिने कोरडे गेले असते, मग दुसरं कुठलं तरी सील रडायला लागलं असतं आणि मी पुन्हा पुठ्ठा काढला असता. तुम्ही व्हॉल्व्ह बदललात, नळी साफ केलीत आणि तोच कपटा परत ठेवून दाखवलात. या वेळी तो भोकाला चिकटून बसला. ताळा करून दाखवणं म्हणतो आम्ही याला.

कव्हर बसवताना तुमच्या पोराने बोल्ट जोर लावून आवळायला घेतला, तेव्हा तुम्ही त्याचं मनगट धरलंत. चाकाच्या नटाला शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास जोर, याला जेमतेम दहाच्या आसपास. जास्त आवळलं तर कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही गळतं. तुम्ही ओरडला नाहीत. त्याच्याकडूनच सैल करून घेतलंत आणि परत लावायला लावलंत. मी शिक्षिका आहे दादा, ओरडणं किती सोपं असतं ते मला विचारा.

जुनं पॅकिंग तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून दिलंत. मी ते वर्गात नेलं. वाकवलं तर बिस्किटासारखं मोडतं. उष्णतेने रबराचं काय होतं हा माझा विषय नव्हे, पण विज्ञानाच्या बाईंनी ते मागून घेतलंय आणि अजून परत दिलेलं नाही.

दोन महिने झाले. गेजची पट्टी काढून बघते, तेल वरच्या खुणेपाशी जसंच्या तसं. पुठ्ठा मात्र सवयीने अजून टाकते. परवा सकाळी त्यावर ओला डाग दिसला आणि पोटात गोळाच आला. मग तुमचं आठवलं, आधी बोट लावा, रंग बघा, वास घ्या. लावलं. पाणी होतं, एसीचं. रस्त्याकडेला उकिडवी बसून मी एकटीच हसत होते.

आणखी एक. काल दाराच्या कप्प्यात पावत्या शोधताना तुमचा तो आरसा सापडला. त्या दिवशी माझ्याच हातात राहून गेला असणार. तुम्ही दोन महिने शोधत असाल किंवा नवा घेतला असेल. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा आणून देते.

तुमची,
जुन्या गाडीवाली बाई