चुलीपुढची जागा

गोदाकाठ, ता. निफाड, जि. नाशिक
२९ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. "दहा दिवस मळ्यात करतोस तरी काय?" हे तू फोनवर विचारलं असतंस तर "काही नाही रे, आराम" एवढं सांगून मी मोकळा झालो असतो. पण तू कागदावर विचारलंस, मग उत्तरही कागदावरच द्यायला हवं. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसलोय. समोर आजी सूप मांडीवर घेऊन संक्रांतीचे तीळ निवडतेय. मधूनच मान वर करून विचारते, "एवढं काय लिहितोस रे?" तुझं नाव सांगितलं की म्हणते, "त्या लुकड्या पोराला म्हणावं, ये खायला."

इथली थंडी तू एकदा अनुभवली आहेस. जिल्ह्यात सगळ्यात जास्त गारठा आमच्या निफाड तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, तो आकडा सकाळी मोबाईलवर येतो आणि चहा होईपर्यंत गावभर होतो. आज सहा. अण्णांना मात्र आकडा लागत नाही. दार उघडून तोंडातून वाफ सोडतात आणि सांगतात, "आज कालच्यापेक्षा जास्त आहे." नऊ वाजेपर्यंत धुई असते. दहिवराने गव्हाचं शेत इतकं ओलं होतं की बांधावरून गेलं तरी पँट गुडघ्यापर्यंत भिजते.

या सुट्टीत मी एक गोष्ट ठरवून केली, ती तुला आधी सांगतो.

लहानपणापासून हिवाळ्यातली सकाळ म्हणजे पेटलेली चूल एवढंच मला माहीत. डोळे उघडले की जाळ दिसायचा, अंगणातल्या तांब्याच्या बंबात पाणी कढत असायचं, वैलावर दूध तापत असायचं. गोधडी अंगाभोवती तशीच गुंडाळून मी चुलीपुढे जाऊन बसायचो. ती माझी जागा. पुण्यात पहाटे थंडी वाजली की मला ती जागाच आठवते. पण आई केव्हा उठते, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून यंदा ठरवलं, एक दिवस तरी चूल आपण पेटवायची, तीही ती उठायच्या आत.

पहिल्या दिवशी साडेचारचा गजर लावला. उठलो तर आई अंगण झाडत होती. दुसऱ्या दिवशी चारला उठलो. चूल थंड होती आणि आई झोपलेली. तिला असं झोपलेलं पाहून मी क्षणभर तिथेच उभा राहिलो.

आपण समजतो, काडी लावली की चूल पेटते. मी गोवरीचे तुकडे घातले, वर द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या रचल्या, दाणे काढलेली मक्याची कणसं खुपसली आणि काडी लावली. धूर धूर झाला नुसता. फुंकणीने फुंकून डोळ्यांतून पाणी आलं, पण जाळ काही धरेना. तेवढ्यात अंधारातून, गोधडीच्या आतून आवाज आला, "आधी कालची राख काढ. खालून हवा मिळेना त्याला." म्हणजे ती जागीच होती! राख ओढली, गोवरी उभी लावली, काड्यांमध्ये बोटभर फट ठेवली आणि एकदम भडका झाला. द्राक्षाची काडी लगेच पेट घेते पण टिकत नाही. तिच्या जिवावर बाभळीचं लाकूड धरलं, की मग तासभर बघायला नको. हेही आईनेच सांगितलं, झोपूनच.

मग चहा केला, आलं ठेचून. आई उठून आली आणि मी जिथे बसायचो, तिथेच बसली. कपबशी हातात घेतली आणि पाय चुलीकडे लांब केले. मित्रा, आईला चुलीपुढे पाय लांब करून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तिच्या टाचांना भेगा आहेत, त्यात कोकम तेल भरलेलं. पहिली दोन मिनिटं तिला काही सुचत नव्हतं. एकदा लाकूड सरळ केलं, एकदा दुधावरचं झाकण उचलून पाहिलं. मग हळूहळू बोलायला लागली, तिच्या माहेरचं, येवल्याचं. संक्रांतीला तिचे भाऊ गच्चीवर पतंग उडवायचे आणि आसारी धरायचं काम हिच्याकडे. तुला माहीत नसेल, येवल्यात मांजा चकरीवर नसतो, आसारीवर असतो. लाकडाची आसारी हातात गरगर फिरवायची, कधी ढील द्यायची, कधी भराभर गुंडाळायचं. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर, खाली हलकडी वाजतेय. "एकदा भाऊ खाली पाणी प्यायला गेला तेव्हा मी पतंग कापला होता," आई म्हणाली. कुणाचा कापला, तेही तिला अजून आठवतं. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं, कारण पहाटेच्या त्या वेळेला ती कधी बसलेलीच नसायची.

तेव्हापासून रोज चूल मीच पेटवतोय. आता एका काडीत पेटते.

आजीचा धुंधुरमास चालू आहे, त्यामुळे सूर्य उगवायच्या आत नैवेद्य तयार लागतो. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांग्याचं भरीत. वांगी आदल्या रात्रीच निखाऱ्यांत भाजून ठेवतात. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी केली की टम्म फुगते. तिचा पापुद्रा बोटाने फोडून आत लोणी सोडायचं. उजाडता उजाडता सगळे चुलीभोवती जेवतात. सकाळी सातला पोटभर जेवण झाल्यावर माणूस कसा हलका होतो, ते सांगून समजणार नाही.

हरभरा यंदा चांगला आहे. घाटे भरलेत, म्हणून परवा संध्याकाळी हुळा केला. ताईची मुलं नाताळच्या सुट्टीला आली आहेत. त्यांना उपटायला लावलं, बांधावर काटक्या-पाचट पेटवलं आणि त्यावर झाडंच्या झाडं टाकली. घाटे तडतडायला लागले की ओढून घ्यायचे, हातावर चोळायचे, फुंकर मारायची आणि तोंडात. धाकटा भाचा शहरी शाळेतला, हात काळे झाले म्हणून आधी रडकुंडीला आला. दहा मिनिटांनी बघतो तर राखेत बसून चुकलेले दाणे वेचत होता. कान, नाक, सदरा, सगळं काळं. ताई ओरडली, आजी हसली.

आजीचं आणखी एक काम असतं, हरभऱ्याची आंब धरायचं. रात्री धुतलेलं पातळ फडकं हरभऱ्याच्या पिकावर अंथरायचं. पानांवरची खार दहिवरात उतरते आणि फडक्यात मुरते. पहाटे ते वाटीत पिळायचं. मी पिळलं, चमचाभर निघालं असेल. जिभेला लावलं तर असं आंबट की डोळे मिटले. पोट दुखलं की तिचं हेच औषध. बाटली फडताळात दिव्याच्या मागे असते आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही. यंदा फडकं अंथरायला तिने मला पाठवलं. तिच्याने आता वाकवत नाही.

तू म्हणशील, सगळं खाण्यापिण्याचंच चाललंय. रात्रीचंही सांगतो. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. आमचा थॉमसन द्राक्षांचा प्लॉट ऑक्टोबर छाटणीचा, मणी आत्ता वाटाण्याएवढे झालेत. या वेळेला थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, आणि ज्यांची द्राक्षं लवकरची, गोडी उतरलेली, त्यांच्या मण्यांना तडे जातात. म्हणून पहाटे दोन-तीनला ठिबक सोडायचं. विहिरीचं पाणी कोमट असतं, मुळांशी ऊब राहते. बांधावर पाचोळ्याच्या शेकोट्या करून धूर धरायचा. मी आणि अण्णा घोंगडी पांघरून बसतो. दिवसा अण्णा माझ्याशी चार वाक्यांवर बोलत नाहीत. तिथे बोलतात. कर्जाचं, ताईच्या घरचं, त्यांच्या तरुणपणी गावात बाग नव्हती तेव्हाचं. परवा मध्येच गप्प झाले आणि म्हणाले, "ऐक." वरून क्रौंचांचा थवा ओरडत जात होता, नांदूरमधमेश्वरच्या दिशेने. अंधारात दिसला नाही, पण आवाज बराच वेळ येत राहिला. मग दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन चापडगावच्या मनोऱ्यावर गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं ते पाणी २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून बाहेरचे लोक खूप येतात. दुर्बिणीतून चक्रवाक दिसले, लडाखकडून आलेले. आमच्या दारची पाखरं बघायला मी इतकी वर्षं गेलोच नव्हतो, याचं आता वाईट वाटतं.

बाकी दिवस कसा जातो ते विचारू नकोस. दुपारी उन्हाळ कांद्याची लागण चालू आहे, रोपांच्या जुड्या मजूर बायांच्या हाताशी नेऊन टाकतो. त्यांच्यासारखं लावायला गेलो तर एक वाफा होईपर्यंत कंबर धरली. संध्याकाळी पाच वाजले की पुन्हा शाली, कानटोप्या आणि चुलीभोवतीची जागा.

तुला आपले शेंगोळे आठवतात का? तू पहिल्यांदा आलास तेव्हा ताटात बघून "ही चकली ओली कशी?" विचारलं होतंस. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, जिरं, आणि आईच्या तळहातावर वळलेले ते वेढे. तू तीन वेळा घेतलेस आणि रात्री गोधडी फेकून दिलीस, एवढं गरम झालं तुला. आई अजून सगळ्यांना सांगते.

म्हणून यंदा ये. मी दोन तारखेला पुण्याला परतणार, पण भोगी-संक्रांतीला तीन दिवसांची रजा टाकली आहे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वाल, पावटा, गाजर, वांगं, हरभरा घातलेली लेकुरवाळी भाजी. करीच्या दिवशी आईला घेऊन येवल्याला जायचं ठरवलंय, मामाच्या गच्चीवर. तिला अजून सांगितलेलं नाही, तूही फोनवर बोलून जाऊ नकोस. मामाला फक्त एवढंच विचारलं, जुनी आसारी माळ्यावर आहे का. आहे म्हणाला.

तू नाशिक रोडला उतर, मी मोटरसायकल घेऊन येतो. मफलर आण, तासाभराचा रस्ता आहे आणि कान गळून पडतील. काका-काकूंना माझा नमस्कार सांग. ऊन ओट्यावरून उतरलं, आता लाकडं आत घ्यायला हवीत, नाहीतर दहिवराने ओली होतील आणि पहाटे माझेच हाल.

तुझाच,
मळेकर

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात आई आली. म्हणाली, त्याला लिही, हुलगे दळून आणलेत.