मुक्ता, तिकीट रद्द करू नकोस

धरमपेठ, नागपूर
रात्रीचे दोन

चि. मुक्ता,

तू आत झोपली आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. संध्याकाळी तुझ्यावर ओरडले. ‘जर्मनीचं तिकीट रद्द करते’ म्हणालीस आणि मला आवरलंच नाही. रिपोर्टबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय. गाठ आहे, काढायची आहे, मंगळवार ठरला आहे. बाबा आहेत, सुमीमावशी अकोल्याहून येते आहे. झालं.

खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरची गोष्ट मी तीस वर्षं नववीला सांगितली. 31 जुलै 1930ला एकोणीस वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीने निघतो आणि डेकवर बसून गणित मांडतो. तारा विझताना आतले इलेक्ट्रॉन त्याला तोलून धरतात. पण तारा फार जड असला की त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो, दाब हवा तितका वाढत नाही, आणि तारा ढासळतच राहतो. वजनाची ती मर्यादा आज आपण सूर्याच्या सुमारे 1.4 पट धरतो. 1935 मध्ये एडिंग्टनसारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने भर सभेत ते हसण्यावारी नेलं. नोबेल मिळालं 1983ला. त्याचे काका रामन 1910 च्या सुमारास आपल्या नागपुरात हिशेबखात्यात नोकरीला होते, एवढं म्हटलं की मागच्या बाकावरची पोरंही माना वर करायची.

त्याच्या आईबद्दल मात्र मी वर्गात कधी बोलले नाही. ती आजारी होती. त्याचा पाय निघेना, तेव्हा तिनेच जा म्हणून हट्ट धरला. दहा मुलांची आई. घरच्या घरी इंग्रजी शिकून एक नाटक तमिळमध्ये आणलेली बाई. मे 1931 मध्ये ती गेली. तो केंब्रिजला होता.

हे लिहायला नको होतं. खोडणार होते, पण तू शोधून वाचशीलच. माझं तसं नाही गं. गाठ लहान आहे, वेळेवर आलात असं डॉक्टर म्हणाले. दोनदा म्हणाले.

हॅनोव्हरला डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो म्हणे. दुपारी बाहेर पडत जा. रात्री जागून सकाळी नुसत्या कॉफीवर राहू नकोस. कोणी चारचौघांत तुझं गणित चूक म्हटलं तर आधी रडू नकोस, आधी तपास. आणि भांडणं मनात... जाऊ दे. वर्ग सुटला तरी माझं शिकवणं सुटत नाही. माफ कर.

रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात दिवे गेले तेव्हा तू माझा पदर मुठीत धरला होतास. मोठ्याने विचारलंस, “विझलेला तारा कुठे जातो?” मी ‘उद्या सांगते’ म्हटलं आणि गांधीसागरापाशी येईपर्यंत तू ‘उद्या म्हणजे किती वाजता’ विचारत राहिलीस. मग 2016 च्या फेब्रुवारीत ती बातमी आली. ढासळलेल्या ताऱ्यांची दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्यातून उठलेली गुरुत्वीय लहर सुमारे 130 कोटी वर्षं चालून इथवर आली आणि वेधशाळेच्या 4 किलोमीटरच्या बाहूची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी बदलली. तेवढंही माणसाने मोजलं! तू ताटावरून उठलीस, वरणभात तसाच. मी रागावले नाही. तेव्हा पुढे ढकललेला तो ‘उद्या’ मला तिथे दिसला.

आता तीच मापं घ्यायला तू निघालीस. माझी मुलगी. शाळेतल्या सगळ्यांना सांगून झालंय, दूधवाल्यालासुद्धा.

हिंगोलीकडे औंढ्याजवळ अशीच वेधशाळा होणार आहे. तू शिकून तिथे आलीस तर बाबा गाडी काढतील, मी डबा घेऊन येईन. सध्या झोप आली नाही की मी त्या डब्यात काय काय भरायचं ते ठरवते.

सांबारवड्या निळ्या पिशवीत आहेत, वरच्या आधी खा. स्वेटर हातातल्या बॅगेत. दादाला इतक्यात काही बोलू नकोस.

मंगळवारी इथे सकाळ असेल तेव्हा तुझ्याकडे पहाट असेल. फोन उशाशी घेऊन झोपू नकोस, बाबा नंतर करतील.

ठेवलास तरी चालेल.

तुझी,
आई