समुपदेशकांकडेही पाहा

संपादक महोदय,
लैंगिक गुन्हेगारांवर उपचार करताना समुपदेशकाला आरोपपत्र, पीडितेचा जबाब आणि गुन्हेगाराच्या सबबी बारकाईने वाचाव्या-ऐकाव्या लागतात. मग झोपेत तीच दृश्ये, पोटच्या मुलांवर अवाजवी पाळत, शेजाऱ्यावरही संशय. याहून घातक बधिरपणा: ‘तिचीच इच्छा होती’ ही थाप खोडायची राहून जाते. त्यात ‘पॉक्सो’ या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे कलम १९. सत्रात नवे पीडित बालक समजले तर पोलिसांना कळवावेच लागते, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गोपनीयतेची ही मर्यादा पहिल्याच सत्रात सांगावी. नंतर सांगितल्यास विश्वास तुटतो. गटसत्राला दोघे समुपदेशक हवेत, ज्येष्ठ सहकाऱ्यांशी नियमित चर्चा हवी आणि निम्मे काम तरी वेगळ्या रुग्णांचे हवे. एकट्या कंत्राटी माणसावर हे सोपवू नये.

– एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुणे