चिऊची शाळा ठरली, आधी पूर्ण वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मधेच फोन आईकडे दिला असता आणि आईने "बघू गं नंतर" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. चिऊची अ‍ॅडमिशन झाली. बसवाल्या मोठ्या शाळेत नाही, आमच्या गल्लीच्या टोकाला आहे त्या मराठी शाळेत. फॉर्म भरला, सह्या झाल्या, आता त्यावर चर्चा नको प्लीज, फक्त ऐकून घ्या.

मला अजूनही शाळा म्हटलं की आपल्या घरामागचीच आठवते. पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचा तो कुबट वास, घंटा म्हणून टांगलेला लोखंडाचा तुकडा आणि तो वाजवायला मिळावा म्हणून आमची भांडणं. पाढे म्हणताना तेरा-चौदाला सगळ्या वर्गाचा आवाज बारीक व्हायचा आणि पंधरा आला की छप्पर उडेल असा चढायचा, बाई पण हसायच्या. आई, मी डबा विसरले की तू कुंपणावरून द्यायचीस आणि वेणी सुटलेली दिसली तर तिथेच उभं करून परत घालायचीस, सगळ्या मुलींसमोर, किती लाज वाटायची आणि किती बरंही वाटायचं. आणि बाबा, तुम्ही पाटीच्या लाकडी चौकटीवर खिळ्याने माझं नाव कोरून दिलेलंत, शेवटचं अक्षर जागा नव्हती म्हणून खाली गेलं होतं. (ती पाटी माळ्यावर असेल. शोधायला शिडीवर चढायचं नाही. मी आले की मीच काढेन.)

पाचवीत मला तिथून काढलंत ते माझ्या भल्यासाठीच, त्यात मला काही म्हणायचं नाही. तेव्हा तुम्ही दोघांनी किती ओढाताण केलीत ते मला माहितीये, आणि ते इंग्रजी नसतं तर आजची नोकरी कुठली. फक्त पहिलं वर्षभर मी वर्गात गप्प असायचे, उत्तर येत असलं तरी. चिऊ आत्ता दिवसभर बडबडते ना, ती बडबड तिने वर्गातही करावी एवढंच मला हवंय. वाईट वाटून घेऊ नका हं, तक्रार म्हणून नाही सांगत.

बाबांना पुरावा लागतो, तर घ्या. मुलाला शिकवायला मातृभाषा हेच सगळ्यात चांगलं माध्यम, असं युनेस्कोने १९५३ सालीच लिहून ठेवलंय. अक्षर आणि आवाज यांची जोडी असते हे एकदा ओळखीच्या भाषेत डोक्यात बसलं की दुसऱ्या भाषेत अक्षरं नवी असली तरी वाचायचं कसं हे पहिल्यापासून शिकावं लागत नाही. आणि इंग्रजी तिथेही पहिलीपासून आहेच, शिवाय घरी मी आहे.

आई, तू काळजी करशील म्हणून सांगते, चालत जायचंय, मोठा रस्ता ओलांडायचा नाही. वर्गात पंखे आहेत आणि ते फिरतात, बाथरूम मी स्वतः आत जाऊन बघून आले, पिण्याचं पाणी बघितलं, पावसात गळतं का तेही विचारलं. शिपाईमावशी प्रेमळ वाटल्या. बसमध्ये उलट्या होणं नाही, पहाटे झोपेतून ओढून उठवणं नाही. अजून काय पाहिजे?

आता तिच्या शाळेसाठी ठेवलेल्या एफडीचं. बाबा, ती आधी तुमच्या डोळ्यांसाठी वापरायची. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची असते हे जुनं झालं, डॉक्टरांनी करू म्हटलंय तर करायचं, "अजून दिसतंय" हे कारण चालणार नाही. आई, तू त्यांच्या नादाने तारीख पुढे ढकलू नकोस, आणि तुझी बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, मागच्या वेळी काय झालं ते आठव. ऑपरेशननंतर ड्रॉप्स घालायला मी येतेच, रजा टाकलीये, चिऊपण येईल.

रागावला असाल तर रागवा, पण रविवारी तारीख घेऊन मला कळवा. आणि बाबा, फोन तुम्ही उचला.

तुमची,
मनी