खोडलेल्या ओळींसकट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काका गेले त्याला आठ महिने होत आले आणि माझं पत्र तुला आत्ता मिळतंय. फोनवर बोललो, येऊन भेटलोही, पण जे सांगायचं होतं ते तोंडून निघालं नाही. म्हणून लिहायला बसलो आणि तिथेही अडकलो. चार वेळा सुरुवात केली. एकदा पहिलंच वाक्य कोरडं वाटलं, एकदा उगाच भरजरी. एका कागदावर बरंचसं मनासारखं उतरलं होतं, पण शेवट जमेना म्हणून तोही खणात ठेवून दिला. मग वाटायला लागलं, एवढ्या उशिरा पाठवायचं तर पत्र तसंच तोलामोलाचं हवं. उशीर वाढत गेला तशी माझी अटही वाढत गेली.

खणातले ते कागद तुला कसे दिसणार? तुझ्यापर्यंत काहीच पोचलं नाही. याबद्दल मनापासून क्षमा माग‍तो.

इतकी वर्षं मी याला चोखपणा म्हणत आलो. लोकांनीही कौतुकच केलं. पण चोख काम करणारा माणूस काम पुरं करून समोरच्याच्या हातात ठेवतो. मी ते देतच नव्हतो. कोणी त्यात खोट काढेल, या भीतीने धरून बसत होतो. ही भीती आहे हे कळायला मला वयाची चाळिशी ओलांडावी लागली.

पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले. एक स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, दुसरा इतरांकडून, आणि तिसरा म्हणजे लोकांना आपण निर्दोषच हवे आहोत अशी मनाने घेतलेली समजूत. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती पुढे तपासली गेली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि सगळ्यात जास्त तिसरा. वाचताना मी थांबलोच. तू तर माझ्याकडे चांगल्या पत्राची मागणी कधी केलीच नव्हतीस.

आता खरं बोलायचं ते. भेटलो त्या दिवशी सगळे गेल्यावर तू म्हणालास, "माझंच कमी पडलं. आधी दाखवायला हवं होतं." मी नुसता खांद्यावर हात ठेवला. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

तुला हबल दुर्बीण आठवते? १९९० मध्ये ती अवकाशात सोडली आणि पहिली चित्रं धूसर आली. तिचा २.४ मीटरचा आरसा विलक्षण काटेकोरपणे घासलेला होता. पण आकार तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. त्या चुकीच्या मापाला आरसा अगदी बरहुकूम उतरला आणि कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम दोन हजारांश भागाने, जास्त सपाट झाला. मला चटका लावते ती पुढची गोष्ट. दुसऱ्या साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती, पण ती कमी अचूक मानली गेली आणि त्यांचं कोणी ऐकलं नाही.

तू स्वतःला असल्याच मापाने मोजतो आहेस. आज जे ठाऊक आहे ते त्या दिवसांतल्या तुझ्या हातात ठेवतोस आणि त्याला जाब विचारतोस. त्या दिवसांत तुझ्यापुढे थोडा खोकला होता, काकांचं "काही नाही रे" होतं, कामाची धावपळ होती. तेवढ्यावर कोणीही जे ठरवलं असतं तेच तू ठरवलंस. वहिनी तुला हेच साध्या शब्दांत सांगत असतील. त्यांचं ऐक.

कमी काहीच पडलं नसेल, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल आणि तुला पटणारही नाही. प्रत्येकाचं कुठेतरी कमी पडतंच. हबलचा आरसाही कोणी बदलला नाही. दोष नेमका किती ते मोजलं, डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तेवढीच दुरुस्ती बसवली, आणि त्याच सदोष आरशातून पुढे दूरच्या दीर्घिका स्पष्ट दिसल्या.

माझं म्हणशील तर सगळं सुटलंय असं नाही. अजून साधा निरोपही मी तीनदा वाचतो. पण पाठवतो. या पत्रात दोन ओळी खोडल्या आहेत. कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवायचा मोह झाला होता, आवरला.

आणि जे आठ महिने लिहिता आलं नाही ते हे. आपण आठवीत असताना शाळेच्या हस्तलिखितासाठी मी गोष्ट लिहीत होतो, तुमच्याच घरी बसून. शाईचा डाग पडला की पान फाडायचो. फाडलेल्या पानांचा ढीग झाला होता. काकांनी त्यातलं एक उचललं, माझ्या शेजारी खाली बसले आणि शेवटपर्यंत वाचलं. डागाबद्दल चकार शब्द नाही. एवढंच विचारलं, "मग पुढे त्या मुलाचं काय झालं?"

रविवारी येतोय. त्यांच्याबद्दल बोलू.

तुझाच,
बालमित्र