जाहीर नोटिशीने भावंडांचा अग्रहक्क संपत नाही

महोदय,

‘सदर मिळकतीवर कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे, अन्यथा तो सोडून दिला असे समजले जाईल’ अशा जाहीर नोटिसा वृत्तपत्रांत रोज येतात. वडिलांच्या पश्चात वारसांकडे आलेल्या घरातला एकाच भावाचा हिस्सा विकत घेणाऱ्याने मात्र या ‘अन्यथा’वर विसंबू नये.

हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 22 नुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या व्यक्तीची मिळकत वर्ग 1 च्या दोन किंवा अधिक वारसांकडे आली आणि त्यांतला एक आपला हिस्सा विकू लागला, तर तो आधी घेण्याचा हक्क, म्हणजेच अग्रहक्क, उरलेल्या वारसांना असतो. किमतीवर एकमत झाले नाही तर ती न्यायालय ठरवते. घेणारे वारस एकाहून अधिक असतील तर जास्त किंमत देणाऱ्याला प्राधान्य. शेतजमिनीलाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले. मृत्युपत्राने आलेल्या किंवा रीतसर वाटप झालेल्या हिश्श्याला ते लागत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: मृत्युपत्र आहे का, वाटपपत्र नोंदवले आहे का?

घोळ होतो तो वारसांच्या यादीत. मिळकत पत्रिकेवर फक्त मुलांची नावे आणि लग्न झालेल्या मुली गायब, हे आपल्याकडे नवीन नाही. मुलींना हक्क 2005 पासूनच मिळाला, हा समजही चुकीचा. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असल्यास तीसुद्धा 1956 पासून वर्ग 1 चे वारस आहेत. आधी वारलेल्या मुलाची वा मुलीची मुलेही त्यात येतात. फेरफारात, म्हणजे मालकीबदलाच्या सरकारी नोंदीत, नाव नाही म्हणून हक्क जात नाही. वंशावळ स्वतंत्रपणे तपासावी, विक्रेत्याने लिहून दिलेल्या प्रतिज्ञापत्रावर थांबू नये.

त्यानंतर विक्रेत्याने प्रत्येक वारसाला पोच मिळेल अशा नोंदणीकृत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. तिच्यात हिस्सा नेमका किती, पूर्ण किंमत, हप्ते, खरेदीदाराचे नाव आणि उत्तराची मुदत हवी. ‘हिस्सा विकत आहे, हरकत असल्यास कळवा’ एवढे मोघम लिहिले तर देकार दिलाच नाही, असे उद्या म्हणता येते. वारसाने मौन पाळले की संमती समजू नये. अग्रहक्क सोडल्याचे नोंदणीकृत पत्र, किंवा वारसाने संमती देणारा म्हणून खरेदीखतावर सही करणे, हेच खरे. आणि साठ लाखांना दिलेला नकार पन्नास लाखांच्या व्यवहाराला चालत नाही. किंमत उतरली तर नव्याने विचारावे लागते.

किंमत कमी दाखवून उरलेले रोख देणाऱ्यांना इथेच फटका बसतो. वारस न्यायालयात गेला की खरेदीखतावरचा आकडा पुढे येतो आणि वरचे पैसे दिल्याचे सिद्ध करायला हाती काही नसते. विक्री उरकली म्हणून धोका टळत नाही, कारण झालेल्या विक्रीविरुद्धही वारसांनी हा हक्क बजावल्याची उदाहरणे आहेत.

जाहीर नोटीस निरुपयोगी आहे असे नाही. एखादे जुने साठेखत (विक्रीचा आधी झालेला करार) किंवा सावकाराचा बोजा तिच्यामुळे उघड होतो. पण तिने वारसाचा हक्क बुडतो, असे कोणताही कायदा म्हणत नाही.

वाद न होता हिस्सा नावावर झाला, तरी राहत्या घराचा ताबा मिळेलच असे नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा करावा, तर 1893 च्या वाटप कायद्याचे कलम 4 आड येते: घरातला भागीदार तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या मूल्याला विकत मागू शकतो. त्यामुळे साठेखतातच लिहून घ्यावे की सर्व वारसांचे नोंदणीकृत नकार मिळेपर्यंत टोकनपलीकडे रक्कम देय नाही, आणि एकानेही हिस्सा घ्यायचे ठरवले तर टोकन ठरल्या मुदतीत परत. विक्रेता एवढे लिहून द्यायला तयार नसेल तर तो व्यवहार सोडलेला बरा.

– एक वाचक, सातारा